नॅनो एलसी-एमएस: स्टँडर्डचं पीक (आलेखातलं शिखर) सुरेख, संत्र्याच्या अर्कात मात्र फुटतंय. मदत हवी आहे

काटोलची लेक:
नमस्कार मंडळी. नागपुरात पीएचडी करते. संत्र्याच्या सालीत कीटकनाशकांचा अंश किती उरतो ते नॅनो एलसी-एमएसवर (बारीक नळीत घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) मोजायचंय. काटोलजवळ आमची बाग आहे, मृग बहाराची तोडणी सुरू आहे. बाबांच्या वहीत प्रत्येक फवारणीची तारीख आहे, पण फळात काय उरलंय हे घरात कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हा विषय घेतला, आणि तीन आठवडे एकाच जागी अडकलेय.

कॉलम (घटक थांबवून वेगळे करणारी भरलेली नळी) सी-18 भरणाचा, आतला व्यास 75 मायक्रॉन, लांबी 15 सेंटिमीटर. फ्लो मिनिटाला 300 नॅनोलिटर. नमुना आधी अडवणारा ट्रॅप कॉलम नाही, 1 मायक्रोलिटर थेट इंजेक्ट करते. पुढे नॅनोस्प्रे (सुईच्या टोकातून विद्युतभारित फवारा) आणि ट्रिपल क्वाड (वस्तुमान मोजणारा भाग). ग्रेडियंट (पाण्यात द्रावक हळूहळू वाढवणं) 2 टक्के अॅसिटोनायट्राइलपासून, 0.1 टक्का फॉर्मिक अॅसिडसह.

पाण्यातलं स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं द्रावण) टाकलं की इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक (वस्तुमान 256 वरून 209) टोकदार येतं. क्वेचर्सने (अॅसिटोनायट्राइलने अंश काढायची पद्धत) काढलेल्या अर्कात तेच स्पाइक केलं, म्हणजे मुद्दाम मिसळलं, की पीकचे दोन तुकडे होतात, आणि मोठा तुकडा कॉलमवर न थांबता सुरुवातीलाच निघून जातो. लॅबमध्ये सगळे म्हणतात, मॅट्रिक्स इफेक्ट, म्हणजे अर्कातल्या इतर द्रव्यांचा अडथळा. सालीत तेल आहे, नोबिलेटिनसारखी द्रव्यं आहेत, त्यामुळे मलाही पटलं. म्हणून अर्क अॅसिटोनायट्राइलनेच दहापट पातळ केला. पीक लहान झालं, फुटायचं थांबलं नाही.

आणखी एक. कॅमेऱ्यात सुईच्या टोकावर सुरुवातीला थेंब फुगतो, गळतो, पुन्हा फुगतो. अर्क टाकला की मध्येच तीनेक मिनिटं बारीक, स्थिर शंकू दिसतो, मग परत थेंब. स्टँडर्डला असं होत नाही.

केशनलिका:
ताई, उत्तर तुम्ही स्वतःच पाहिलंय. तो तीन मिनिटांचा शंकू म्हणजे तुमचं इंजेक्शन. 1 मायक्रोलिटरला 300 नॅनोलिटरच्या फ्लोने जायला 3 मिनिटं 20 सेकंद लागतात. पाण्याचा पृष्ठताण जास्त, म्हणून थेंब गळतो. अॅसिटोनायट्राइल आलं की स्प्रे लगेच जमतो.

आता कॉलमचं गणित करा. रिकामी नळीच जेमतेम 0.66 मायक्रोलिटरची, भरण वगळलं तर द्रवाला जागा साधारण 0.4. म्हणजे कॉलममध्ये मावतं त्याच्या दुपटीहून जास्त अॅसिटोनायट्राइल तुम्ही एका दमात ओतताय. इमिडाक्लोप्रिड थांबणार कुठे? नेहमीच्या 4.6 मिलिमीटरच्या कॉलमचा छेद याच्या सुमारे 3,700 पट, तिथे 1 मायक्रोलिटर कळतही नाही. मोठ्या कॉलमच्या एचपीएलसीवर हात बसलेल्या प्रत्येकाची ही चूक एकदा तरी होते.

पातळ करा, पण पाण्याने. क्वेचर्सच्या अर्कात मिलिलिटरला 1 ग्रॅम साल धरली, तर सालीत किलोला 0.01 मिलिग्रॅम अंश म्हणजे अर्कात मिलिलिटरला 10 नॅनोग्रॅम. दहापट पातळ केल्यावर 1 मायक्रोलिटरमध्ये 1 पिकोग्रॅम. नॅनोस्प्रेला तेवढं दिसायला हवं. मॅट्रिक्स इफेक्ट खोटा नाही, पण तो नंतर बघा: न फवारलेल्या झाडाची साल घ्या, तिच्याच अर्कात स्टँडर्ड करा.

काटोलची लेक:
सर, आज सकाळी पाण्याने पातळ करून तीन वेळा चालवलं. इमिडाक्लोप्रिड तिन्ही वेळा एकसंध, वेळ तीच! खूप खूप आभार. धुऱ्यावरच्या एका झाडाला बाबा फवारत नाहीत, त्याची फळं रविवारी आणते. फक्त क्लोरपायरिफॉस हे दुसरं कीटकनाशक प्रत्येक इंजेक्शनला घटतंय. वायलच्या (नमुन्याच्या कुपीच्या) काचेला चिकटत असेल का?

केशनलिका:
बहुतेक तेच. पाणी जास्त झालं की क्लोरपायरिफॉस काच धरतं. पातळ केल्याबरोबर चालवा, वायल तासन्‌तास ट्रेमध्ये ठेवू नका. जमलं तर ते एक वेगळं काढून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीवर) करा, तिथे ते जास्त रुळलेलं आहे.