पंधरा वर्षांच्या पोराला तासांची मर्यादा लावायची का?

झोपमोड
घरात दोन पोरं. मुलगी ११ची, मुलगा १५चा. दोघांना एकच नियम हवा असं सगळे सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. धाकटीला रोज दीड तास, ठरलेलीच ॲप्स, संपलं की संपलं. थोरल्याचे तास मी मोजत नाही, फक्त रात्री १०ला सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आमचेसुद्धा. यावरून काल नणंदेशी चांगलंच वाजलं, तिच्या मते मी मुलाला मोकाट सोडलाय. माझं म्हणणं, या वयात तासांवर पहारा बसवला की पोरगं वेळ वाचवायला नाही, लपवायला शिकतं. बोला आता.

घड्याळजी
मी नणंदेच्या बाजूने. अहो १५व्या वर्षीच तर खरी गरज आहे! ११ची पोरगी कार्टून बघते, १५चा पोरगा रील्स बघतो, आणि रील्सना शेवट नसतो. मुद्दामच ठेवलेला नाही. पान संपतं, एपिसोड संपतो, हे संपतच नाही, तिथे आपल्यासारखे घोडे थांबत नाहीत तर पोरं काय थांबणार. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरांनी, २०२३ साली इशारा दिला होता, दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त सोशल मीडियावर असणाऱ्या मुलांना नैराश्य, चिंता वगैरे त्रासांचा धोका दुप्पट. आता ३ तास झाले की नाही हे कळायला आधी मोजायला नको का?

आकडेमोड
घड्याळजी, जास्त वापर आणि त्रास एकत्र दिसतात एवढंच त्यातून कळतं, कशामुळे काय ते नाही. आधीच उदास असलेलं पोर फोनमध्ये जास्त डोकं घालतं असंही असू शकतं. ऑर्बेन आणि प्रिझिबिल्स्की या संशोधकांनी २०१९मध्ये साडेतीन लाखांवर किशोरवयीन मुलांची आकडेवारी तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला फार तर ०.४ टक्के डिजिटल वापराशी जोडता आला. एवढ्यावरून घरात रोज महाभारत कशाला? आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली मोठ्या मुलांसाठीचा २ तासांचा आकडा काढून टाकला.

घड्याळजी
अर्धंच सांगताय साहेब. आकडा काढला, मर्यादा नाही काढली. ६ वर्षांपुढच्या मुलांना मर्यादा ठेवा, ती रोज सारखी पाळा, झोप आणि व्यायामाच्या वेळेत स्क्रीन घुसू देऊ नका असंच म्हटलंय त्यांनी. आणि ते ०.४ टक्के म्हणजे सगळे स्क्रीन आणि सगळी पोरं एकत्र करून काढलेली सरासरी. मैत्रिणीशी गप्पा मारणारी आणि रात्री दोनला अनोळखी माणसाशी बोलणारी एकाच पारड्यात. माझ्या घरातलं पोर सरासरी नाहीये हो.

आकडेमोड
मग तुम्हीच बघा ना, तास मोजून त्या दोघींतला फरक तुम्हाला कसा कळणार? दोघींचा आकडा सारखाच येईल!

अकरावीतला
काका-काकूंनो, मी १६चा आहे, ज्यांच्यावर चर्चा चाललीय त्यांच्यातला एक जण. माझ्या फोनला २ तासांचं लिमिट आहे. संपलं की लॅपटॉप, लॅपटॉप बंद केला की मित्राचा फोन. फोनचं घड्याळ पुढेमागे करूनही काही ठिकाणी जमायचं, बाकी डिटेल्स सांगत नाही. खरा वैताग वेगळाच आहे, क्लासच्या नोट्स ग्रुपवर येतात, प्रोजेक्ट ग्रुपवर ठरतं आणि मी अर्ध्यात गायब. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत आणि मी येड्यासारखा विचारतोय. आणि जेवताना रील्स बघणाऱ्या बाबांनी मला लिमिट शिकवावं, बरं बरं.

तिरकी मात्रा
@अकरावीतला, लेका जिंकलास. पण पळवाटा निघतात म्हणून नियमच नको हे मला मान्य नाही. दक्षिण कोरियाने २०११ला कायदा केला, १६च्या आतल्यांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद. पोरं आईबापांच्या नावाने लॉगिन करायला लागली, तोवर खेळ कॉम्प्युटरवरून मोबाइलवर गेला, शेवटी दहा वर्षांनी कायदा गुंडाळायचं ठरलं. चीनने २०२१ला त्याहून कडक केलं, शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फक्त रात्री ८ ते ९. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५पासून १६च्या आतल्यांना मोठ्या सोशल मीडियावर खातंच ठेवायला बंदी घातली. आता एवढी मोठी सरकारं जिथे घाम गाळतायत तिथे आपण सेटिंगमध्ये आकडा टाकून निवांत बसणार? घरच्या नियमाला आईबाप लागतात, ॲप नाही. झोपमोड ताईंचं म्हणूनच पटतं, स्वतःचे फोनही बाहेर ठेवतायत.

घड्याळजी
बरं, रात्रीचं मान्य. पण दुपारी ४ ते रात्री १०, सहा तास पोरगं लोळत बघत बसलं तरी तुम्ही गप्प?

झोपमोड
गप्प कशाला बसेन, बडबड चालूच असते माझी :) पण कोणत्या गोष्टीवर भांडायचं ते ठरवलंय. १३ ते १८च्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि वयात येताना झोपेची वेळ मुळातच पुढे सरकते, तो आळस नसतो. सकाळी शाळा तर तीच. मग जी झोप आधीच कमी पडतेय तिच्यात फोन नको, हे माझं पक्कं, त्यात सूट नाही, रविवारीही नाही. दुपारी खेळायला जातोय का, अभ्यास होतोय का, चार माणसांत बसतोय का ते बघते. यातलं काही सुटायला लागलं तर दुपारचेही तास लावीन, पण त्याला समोर बसवून. त्याचं रोज काय काय बिनसतंय ते आधी त्यालाच सांगायला लावीन.

घड्याळजी
म्हणजे सुटेपर्यंत थांबणार. हेच तर म्हणतोय मी, वरातीमागून घोडं! त्यापेक्षा ११चा दीड तास १२ला दोन, १३ला अडीच करत न्या, रोजचे जमत नसतील तर आठवड्याचे द्या, कधी खर्चायचे ते त्याने ठरवावं. शाळेचं काम त्यात धरू नका.

अकरावीतला
आठवड्याचे तास आणि शाळेचं काम वेगळं? हे चालेल. बाबांना दाखवतो हा धागा. माझा वरचा रिप्लाय कोणी डिलीट करू शकतं का प्लीज

तिरकी मात्रा
नाही.