बट्टिकलोआचं गाणारं तळं आणि सप्टेंबर १८४८

पाणकावळा (धागाकर्ता):
जेम्स इमर्सन टेनंट हा बेलफास्टचा खासदार. १८४५ ते १८५० सिलोनचा (आजची श्रीलंका) कलोनियल सेक्रेटरी, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालचा साहेब. १८५९ मध्ये त्याचा सिलोनवरचा दोन खंडी ग्रंथ आला, १८६१ मध्ये तिथल्या प्राण्यांवरचं पुस्तक. त्यातला बट्टिकलोआचा (बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव) प्रसंग मी कितीदा वाचलाय: चांदण्यात होडी, आणि पाण्याखालून येणारा सूर, ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासावी तसा. होडीच्या लाकडाला कान लावला की तो आणखी मोठा.

पण साल बघा. सप्टेंबर १८४८. त्याच वर्षी बेटाच्या मध्यभागातल्या कँडीकडे इंग्रज सरकारविरुद्ध बंड झालं; ८ ऑगस्टला बंडाचा म्होरक्या पुरन अप्पूला गोळ्या घातल्या होत्या, तिथला मार्शल लॉ अजून उठला नव्हता. आणि हा तळ्याला कान लावून बसलाय! हे नुसतं निसर्गवर्णन म्हणून वाचवत नाही मला.

जुनी पेटी:
असहमत. दोन तारखा शेजारी ठेवल्या की गुन्हा सिद्ध होतो का? मार्शल लॉ गव्हर्नर टॉरिंग्टनचा. आणि त्याच पानावरची पुढची गोष्ट तुम्ही गाळलीत. टेनंट कोळ्यांना विचारतो. ते सांगतात, आवाज माशाचा नाही, शंखाचा. त्यांचा तमिळ शब्द तो छापतो, अर्थ ‘रडणारा शंख’. कोळ्याचं ऐकून लिहून ठेवणारे साहेब किती होते हो?

रानडुक्कर:
शंख राहू दे, हत्ती घ्या. टेनंटच लिहितो की १८४८ पूर्वी तीन वर्षांच्या आत उत्तर प्रांताच्या एका भागात ३५०० हून जास्त हत्ती मारले गेले. सरकार दर हत्तीमागे बक्षीस द्यायचं. आणि १८४८ मध्ये त्याच सरकारने बंदुकीवर अडीच शिलिंग कर बसवला, कुत्र्यावर एक शिलिंग. रानाकडेच्या शेताची राखण बंदूक आणि कुत्र्याशिवाय कशी करायची? लोक उठले यात नवल नाही.

जुनी पेटी:
३५०० चा आकडा तुम्हाला दिला कोणी? टेनंटनेच ना! शिवाय त्याची स्वतःची शिफारस वेगळी होती: निर्यातीवरचे कर काढा, जमिनीवर थेट कर लावा.

रानडुक्कर:
निर्यात कर गेला की खिसा कोणाचा भरतो? कॉफीच्या मळेवाल्यांचा.

तळकोकणी:
(थोडं अवांतर) मी दोडामार्गचा. हत्ती माडात शिरल्यावर रात्र कशी जाते ते आम्हाला विचारा. हत्तीवर सुंदर लिहिणाऱ्याची बाग कोणी तुडवलेली नसते.

पाणकावळा:
@जुनी पेटी, शंखाची गोष्ट गाळली ही माझी चूक, मान्य. तेवढ्यापुरता टेनंट माझ्यापेक्षा प्रामाणिक. पण बंडाच्या चौकशीनंतर टॉरिंग्टनला परत बोलावलं, टेनंटचंही पद गेलं. ग्रंथ त्यानंतर नऊ वर्षांनी. ‘सप्टेंबर १८४८’ असं त्याने आठवणीने लिहिलं, आणि त्या पानावर कँडी नाही.