पावडर कोटिंग ओव्हनच्या दाराला केवलारची दोरी चालेल का?

रबाळेकर: रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, धातूवर रंगाची पावडर मारून ओव्हनमध्ये भाजून पक्की करतो, ओव्हन रोज २०० डिग्रीला चालतो, दाराची सीलिंगची दोरी केवलारची (मजबूत कृत्रिम धाग्याची) टाकली तर काही महिन्यांत कडक होऊन तुटते, सप्लायर म्हणतो ४५० डिग्री सहन करते, मग असं का?

वागळे_मेंटेनन्स: दादा ४५० हा आकडा फायबर जळून विघटन होण्याचा आहे, रोज वापरायचा नाही. केवलार वितळत नाही म्हणून लोकांना वाटतं की काहीच होत नाही, पण हवेत सतत वापरायला साधारण १५० ते १७५ डिग्रीच धरायचं, त्यावर ताकद हळूहळू जातेच. ऊन आणि वाफही त्याला सोसत नाही.

ऐरोली_टेक्सटाइल: बरोबर. नोमेक्स म्हणजे मेटा-अरामिड, केवलारच्याच अरामिड कुळातला दुसरा धागा, ते सतत २०० च्या आसपास चालतं, म्हणून फायरमनच्या सूटमध्ये आणि गरम धुराच्या फिल्टर बॅगमध्ये तेच असतं. पण तुमचा ओव्हन अगदी काठावर आहे.

वागळे_मेंटेनन्स: आणि दाराच्या दोरीला एवढी ताकद कशाला हवी? फायबरग्लासची विणलेली दोरी लावा, स्वस्त पडेल, फक्त दार घासतं तिथे झिजते ते बघा.

रबाळेकर: दार वरच्या बिजागरीपाशी घासतंच, आधी ते सरळ करून घेतो.