बँकेतल्या चिल्लरीतून संग्राह्य आणि चांदीची नाणी शोधायची, तर सुरुवात कशी करावी?

माहीमकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी माहीमला राहतो. गेले काही महिने मी अमेरिकेतल्या नाणे संग्राहकांच्या चित्रफिती पाहतो आहे. ही मंडळी बँकेतून कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या गुंडाळ्या दर्शनी किमतीला आणतात, घरी एकेक नाणे तपासतात, हवी ती ठेवून घेतात आणि उरलेली बँकेत परत भरतात. त्यांना अधूनमधून चांदीचे नाणेही सापडते. हे मुंबईत करता येईल का, आपल्याकडच्या पिशव्यांत चांदी निघण्याची काही शक्यता आहे का, आणि नसेल तर नेमके काय शोधावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते आणि तिकडे हा उद्योग करून पाहण्याची तिची तयारी आहे, त्यामुळे तिथल्या पद्धतीची माहितीही उपयोगी पडेल.

गिरगावकर

चांदीचा प्रश्न आधी निकालात काढू, म्हणजे पुढची दिशा स्पष्ट होईल. आपल्या बँकांतल्या चिल्लरीत चांदी मिळणार नाही, असे गृहीत धरूनच सुरुवात करा. ब्रिटिश अमदानीतला ११.६६ ग्रॅमचा रुपया १९३९ पर्यंत सुमारे ९१.७ टक्के चांदीचा होता. १९४० मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणले गेले आणि १९४७ पासून चांदीची जागा निकेलने घेतली. जास्त चांदीचे ते जुने रुपये सरकारने महायुद्धाच्या काळातच चलनातून काढून घेतले. स्वतंत्र भारतात चांदीची नाणी निघाली, उदाहरणार्थ १९६९ चे गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे, १५ ग्रॅम वजनाचे आणि ८० टक्के चांदीचे नाणे. पण ती ज्यांच्या हाती आली त्यांनी जपून ठेवली. ती सराफाकडे किंवा नाण्यांच्या प्रदर्शनात मिळतात, बँकेच्या खिडकीवर मिळत नाहीत.

मग शोधायचे काय? माझ्या मते टांकसाळीची चिन्हे आणि स्मारक नाणी, याच दोन गोष्टींनी सुरुवात करावी. नाण्यावरच्या सालाखाली पाहा: पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचे, टिंब असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. हे वाचायला सोपे वाटते, पण वापरून झिजलेल्या नाण्यावर चौकटीचे कोपरे बोथट होतात आणि ती हुबेहूब टिंबासारखी दिसते. नवशिके संग्राहक मुंबईची कितीतरी नाणी नोएडाच्या खणात टाकतात ती त्यामुळेच. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, नाणे खिडकीशी धरा आणि उजेड समोरून नव्हे तर कडेने पडेल असे तिरपे करा. चौकटीच्या चारही बाजूंना सरळ धार असते आणि ती तिरप्या उजेडात बारीकशी चमकते. टिंबाची कड मात्र सगळीकडून सारखी गोल राहते. हा फरक नजरेत बसला की पुढचे काम झपाट्याने होते.

मागणी पुरी करण्यासाठी आपल्या सरकारने काही वेळा परदेशी टांकसाळींतूनही नाणी पाडून घेतली आहेत. १९८५ च्या एक रुपयाच्या नाण्यावर सालाजवळ इंग्रजी ‘एच’ दिसला, तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. अशी नाणी मौल्यवान असतातच असे नाही, पण आपल्या रोजच्या पैशांत बर्मिंगहॅमचा एक तुकडा फिरतो आहे हे कळल्यावर होणारा आनंद मी कोणत्याही किमतीला विकणार नाही.

स्मारक नाण्यांत मराठी संग्राहकाने कुठून सुरुवात करावी हे वेगळे सांगायला नको: १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षाचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चे संत तुकारामांचे दोन रुपये आणि २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. यांतली बरीचशी आजही दुर्मिळ नाहीत, आणि नवशिक्यासाठी ते बरेच आहे, कारण एकाच नाण्याचे वेगवेगळ्या टांकसाळींचे नमुने दर्शनी किमतीत जमवता येतात.

निवृत्त रोखपाल

माझी सारी नोकरी मुंबईतल्या बँक शाखांत, बहुतेक काळ रोख खिडकीवर झाली, म्हणून खिडकीच्या आतल्या बाजूची माहिती देतो.

आपल्याकडे अमेरिकेसारख्या कागदी गुंडाळ्या नसतात. नाणी येतात ती पिशव्यांतून, आणि त्या दोन प्रकारच्या असतात. टांकसाळीतून थेट आलेल्या सीलबंद पिशवीत सहसा एकाच सालाची, एकाच टांकसाळीची कोरी नाणी असतात. ती संग्रहासाठी एखाद-दोन घ्यावीत, पण शोधण्यासारखे त्यांत काही नसते. तुम्हाला हवीत ती लोकांनी भरलेली मिश्र नाणी: देवळाच्या दानपेटीतली, दुकानदाराच्या गल्ल्यातली, बसवाहकाच्या पिशवीतली. त्यामुळे खिडकीवर नुसते ‘चिल्लर द्या’ म्हणू नका; ‘ग्राहकांनी जमा केलेली जुनी, मिसळलेली नाणी असतील तर हवी आहेत’ असे स्पष्ट सांगा. बहुतेक शाखांना ही नाणी सांभाळायला जागा नसते, त्यामुळे ती घेऊन जाणारा माणूस रोखपालाला हवाच असतो. फक्त महिन्याचा पहिला आठवडा आणि पेन्शनचे दिवस टाळा. दुपारी गर्दी ओसरल्यावर, आपले खाते असलेल्या शाखेत जा.

परत भरताना नाणी मूल्यानुसार वेगळी करून शंभर-शंभरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या करून न्या. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना याच स्वरूपाची सूचना दिलेली आहे, आणि मोजदाद सोपी झाली की खिडकीवरचा माणूसही खूश असतो. एक कायदेशीर बाब लक्षात ठेवा: २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात एकूण हजार रुपयांपर्यंतच वैध देणे ठरतात. याहून अधिक नाणी बँक खात्यात स्वीकारू शकते, पण दुकानदाराला ती घ्यायला लावता येत नाहीत.

पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत, तेव्हा मिश्र पिशवीत एखादी पावली निघालीच तर ती परत भरायला नेऊ नका, स्वतःकडेच ठेवा. पन्नास पैशांचे नाणे मात्र आजही वैध आहे. दहा रुपयांच्या नाण्याबद्दलही लोकांच्या मनात उगाच किंतु असतो. त्याचे चौदा प्रकार वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले होते, आणि हे चौदाही प्रकार जमवणे हा नवशिक्यासाठी उत्तम पहिला संच ठरेल.

एडिसनकर

माहीमकर, बहिणीसाठी लिहितो आहे. अमेरिकेत चांदी खरोखरच चलनात सापडते, आणि त्याचे कारण १९६५ च्या नाणे कायद्यात आहे. १९६४ पर्यंतची दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्ध्या डॉलरची नाणी ९० टक्के चांदीची होती. चांदीचा तुटवडा झाल्यावर पहिल्या दोन्हींतून ती पूर्णपणे काढली गेली, अर्ध्या डॉलरमध्ये मात्र १९६५ ते १९७० या सालांत ४० टक्के चांदी राहिली. लोकांनी चांदीची नाणी तेव्हाच मोठ्या प्रमाणात उचलली. तरी अर्धा डॉलर रोजच्या व्यवहारात फारसा फिरत नसल्यामुळे घरोघरी पडून राहतो आणि कधीतरी कुणी तो सरळ बँकेत नेऊन भरतो. म्हणून तिला अर्ध्या डॉलरपासून सुरुवात करायला सांगा. एका गुंडाळीत वीस नाणी, म्हणजे दहा डॉलर. पन्नास गुंडाळ्यांची पेटी पाचशे डॉलरची. अनेक शाखांत ती तयार नसते, आधी मागवावी लागते.

तपासताना गुंडाळी उलगडून नाण्यांच्या कडा आधी पाहाव्यात. आताच्या नाण्यांच्या कडेला तांब्याची तपकिरी रेघ दिसते, ९० टक्केवाल्याची कड संपूर्ण पांढरी असते. ४० टक्केवाल्याची कड मात्र फसवते, तिच्यात किंचित तपकिरी छटा असते, तेव्हा अर्ध्या डॉलरचे साल वाचल्याशिवाय नाणे बाजूला टाकू नये. पाच सेंटच्या नाण्यांत १९४२ ते १९४५ या युद्धकाळातली काही ३५ टक्के चांदीची आहेत. त्यांच्या मागच्या बाजूला जी इमारत आहे तिच्या घुमटाच्या वर टांकसाळीचे मोठे अक्षर असते. यंत्राने बांधलेल्या गुंडाळ्यांपेक्षा ग्राहकाने हाताने बांधलेल्या गुंडाळ्या मिळाल्या तर त्या अवश्य घ्याव्यात, कारण त्या कुणाच्या तरी घरातल्या बरणीतून थेट आलेल्या असतात. आणि तपासलेली नाणी ज्या शाखेतून आणली तिथेच भरू नयेत, दुसऱ्या शाखेत भरावीत. नाहीतर तीच नाणी पुन्हा आपल्याच हाती येतात आणि पहिल्या शाखेतले लोकही कंटाळतात.

माहीमकर

तिघांचेही मनापासून आभार. आता दोन शंका उरल्या आहेत. काळवंडलेली नाणी स्वच्छ करावीत का, आणि वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात अशा ज्या जाहिराती दिसतात, त्यांत काही तथ्य आहे का?

गिरगावकर

नाणी घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांतले काहीही संग्रहाच्या नाण्याला लावू नये. घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो आणि जाणकार ग्राहक ते एका नजरेत ओळखतो. फार तर साध्या पाण्यात बुडवून काढा आणि मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या. मुंबईच्या पावसाळ्यात दमटपणा हा खरा शत्रू आहे, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पीव्हीसीचे स्वस्त अल्बम वापरू नका. त्यांतून कालांतराने निघणारा हिरवट चिकट थर तांबे असलेल्या नाण्यांना खातो.

वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ सालची आहेत आणि मुबलक आहेत. लाखाची किंमत सांगणारा पुढच्या टप्प्यावर तुमच्याकडूनच नोंदणी शुल्क किंवा कर मागतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा आणि बोधचिन्हाचा वापर करून जुनी नाणी-नोटा विकण्यासाठी असे शुल्क उकळले जात असल्याचा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. किमतीचा अंदाज हवा असेल तर मुंबईत भरणाऱ्या नाण्यांच्या प्रदर्शनांत दोन-तीन विक्रेत्यांना एकच नाणे दाखवा आणि ते किती देतील ते विचारा. ‘हे कितीला विकता’ या प्रश्नापेक्षा ‘हे कितीला घ्याल’ या प्रश्नाचे उत्तर अधिक खरे असते.