सातवीतल्या पोरांना डिस्टोपिया कशाला? – एका पोस्टवर चिडून लिहिलेलं

एडिसनकरीण

परवा इथेच कुणीतरी लिहिलं, की अमेरिकेतल्या शाळा बारा-तेरा वर्षांच्या मुलांना इंग्रजीच्या तासाला डिस्टोपिया, म्हणजे बिघडलेल्या, भयाण समाजाच्या काल्पनिक गोष्टी, वाचायला लावतात, वर त्यावर निबंध लिहून घेतात, आणि मुलं उदास, संशयी, उर्मट होतात. त्यापेक्षा व्याकरण घोटून घ्या, चार कविता पाठ करून घ्या. खाली ‘अगदी मनातलं बोललात’ची रांग. गप्प बसणार होते, नाही जमलं.

माझ्या मुलीला सातवीत ‘द गिव्हर’ आहे. लोइस लाउरीचं, १९९३ चं. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ते दप्तरातून येऊन गेलेलं असणार, म्हणून अख्खी कथा सांगत बसत नाही: सगळे लोक एकसारखे केलेलं, जुन्या आठवणी काढून घेतलेलं एक गाव, आणि तिथला जोनास नावाचा मुलगा. एकोणिसावं प्रकरण तेवढं आठवा. जोनासचा बाप तान्ह्या बाळांना सांभाळणारा, घरातला सगळ्यात मायाळू माणूस. तो जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला इंजेक्शन देतो, लाडिक आवाजात टाटा करतो आणि मेलेल्या बाळाचा खोका ढकलून देतो. निबंधाचा प्रश्न: बाप दोषी की निर्दोष?

लेकीनं लिहिलं, निर्दोष. त्या गावात मरण म्हणजे काय हेच कुणाला माहीत नाही, आठवणीच काढून घेतल्यात, मग दोष कसला? बाईंनी समासात लिहिलं, ‘पुरावा कुठाय?’ मग ती पुस्तक घेऊन बसली आणि तिला दुसऱ्याच प्रकरणात सापडलं, की याच बापानं नियम मोडून गेब्रियल या दुसऱ्या एका बाळाचं नाव यादीत आधीच बघून घेतलं होतं. म्हणजे मनात आलं की नियम वाकवता येतो त्याला! सगळा मुद्दाच बारगळला. जेवताना नुसती चिडचिड. शेवटी तिनं तोच प्रसंग विरोधी बाजू म्हणून निबंधात घेतला आणि त्याला उत्तर दिलं. मला हे एम.ए. होईपर्यंत कुणी करायला लावलं नव्हतं. आणि म्हणे कविता पाठ करा.

कोरडा_पाव

तो ‘कुणीतरी’ मी. सरळ नाव घेतलंत तरी चाललं असतं.

ताई, तुमची लेक हुशार आहे, अभिनंदन. आता माझ्या चिरंजीवांचं ऐका. आधी ‘द गिव्हर’. मग गावकरी चिठ्ठ्या काढून एका बाईला दगडांनी मारतात ती १९४८ ची गोष्ट. मग २०८१ सालातली ती दुसरी, हुशार माणसांच्या कानात कर्कश आवाज सोडतात ती. तिच्या शेवटी पोरगा गोळी खातो. असं ओळीनं सगळं मरणच. आता घरात काहीही सांगितलं की ‘बाबा, धिस इज कंट्रोल’. रात्री दहाला वायफाय बंद केलं तर मी हुकूमशहा! आणि एवढं थोर साहित्य वाचून ‘देअर’चं स्पेलिंग तीनातलं कुठलंही कुठेही.

हे मी एकटाच म्हणतो असंही नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेची १९९० च्या दशकातली सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची यादी बघा. ‘द गिव्हर’ पहिल्या वीसात आहे. ते सगळे पालक काय वेडे?

नाठाळ

त्याच यादीत मार्क ट्वेनचं ‘हकलबेरी फिन’ही आहे. तेही बंद करू या. आणि वायफाय अकराला बंद करून बघा, क्रांती टळेल.

डोंबिवलीचे_आजोबा

आम्हाला असली पुस्तकं वाचावी लागली नाहीत. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली, दोन-तीन दिवसांत संपादकीयाची जागा कोरी सोडलेला पेपर हातात पडला. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. नातवंडांना हे शिकवा. काल्पनिक गावं कशाला हवीत?

नाठाळ

काका, मागच्या महिन्यात तुम्ही उकडीच्या मोदकांच्या धाग्यावरही आणीबाणी काढली होती.

डोंबिवलीचे_आजोबा

तिथे तांदळाच्या रेशनचा संबंध होता.

वैदर्भी

मी नागपुरात आठवी-नववीला मराठी शिकवते, त्यामुळे राहवत नाही. तुम्ही सगळे असं बोलून राहिले की आपल्याकडे डिस्टोपिया नव्हताच. ‘सूर्य उगवला नाही तर’ काय होतं मग? ‘वृत्तपत्रे बंद पडली तर’, ‘आरसा नसता तर’? प्रत्येकानं लिहिलाय. अंधार, थंडी, पिकं गेली, माणसं मेली, सगळं जग दीड पानात संपवलं. आणि शेवटच्या चार ओळींत ‘पण छे! असे कधी होणारच नाही’ म्हणून सूर्य परत उगवला, कारण त्याशिवाय गुण नाहीत. मी तपासते तेव्हा वर्गातल्या बहुतेक वह्यांत तोच सूर्य त्याच शब्दांत उगवतो. गाईडमधला आहे तो.

एडिसनकरीणताईंच्या बाई समासात पुरावा मागतात, याचा मला हेवा वाटला. आमच्या नमुना उत्तरात पुराव्याला गुणच नाहीत.

कोरडा_पाव

तेच तर म्हणतोय! शेवटी सूर्य उगवायचा. आम्ही रात्री शांत झोपायचो.

वैदर्भी

झोपायचात, कारण विचारच केला नव्हता.

कोरडा_पाव

बाई, गाईडमधनं पाठ करून बोर्डात आलेली माणसं आज अर्ध्या अमेरिकेचं सॉफ्टवेअर चालवतायत. जरा सांभाळून.

प्लॅनोवाला

भांडताय ते बरोबर, पण इथला निबंधही काही स्वर्गातून पडत नाही हो. हॅम्बर्गर माहीत आहे ना? वरचा पाव प्रस्तावना, मध्ये तीन परिच्छेद, खालचा पाव समारोप. पहिल्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य म्हणजे थीसिस, अख्ख्या निबंधाचा मुख्य मुद्दा. प्रत्येक परिच्छेदात दावा, पुरावा, स्पष्टीकरण याच क्रमानं. माझा मुलगा सहावीपासून हेच लिहितोय. पुस्तक कुठलं? सगळे लोक एकसारखे केलेल्या गावाचं! वर्गातले सगळे निबंध शेजारी ठेवले तर कुणाचा कुठला ते आईला ओळखता यायचं नाही. वैदर्भीताई, तुमचा सूर्य आणि आमचा खालचा पाव भाऊभाऊ.

एडिसनकरीण

हे मात्र मला पटत नाही. साचा आधी लागतोच. माझी मुलगी पाचवीत भारतातून इथे आली, तेव्हा ‘तुला काय वाटतं ते लिही’ म्हटलं की कोऱ्या कागदाकडे बघत बसायची. त्या हॅम्बर्गरनंच तिला तारलं. मोडायला आधी काहीतरी हातात असावं लागतं.

प्लॅनोवाला

मग मोडतात कधी? माझा मोठा बारावीत आहे, अजून पावच भाजतोय.

आणि मोडणार तरी कुणासाठी? टेक्सास राज्याच्या स्टार या शालेय परीक्षेत २०२३ पासून तिसरी ते आठवीच्या वाचनाच्या प्रत्येक पेपरात निबंध आला. २०२४ पासून तो आधी कॉम्प्युटर तपासतो. सुमारे ३,००० उत्तरं माणसांकडून तपासून त्यावर त्याला तयार केलं, आता साधारण चतुर्थांश उत्तरंच पुन्हा माणसाकडे जातात. यंत्राला वेगळा निबंध कळेल का, ही शंका शिक्षकांनाच. मग ते काय शिकवणार? यंत्राला रुचेल ते. मुलगा डिस्टोपियावर लिहितो आणि वाचतंय कोण, तर हे.

वैदर्भी

बापरे. आमच्याकडे निदान पेंगत का होईना, माणूस तपासतो.

कोरडा_पाव

पेंगणाऱ्या माणसापेक्षा यंत्र बरं. मला दहावीला निबंधात जे गुण पडले, ते देणारा जागा होता यावर माझा आजही विश्वास नाही.

लायब्ररीतला_उंदीर

मूळ रोग वेगळाच आहे. २०१० च्या कॉमन कोअरनं, म्हणजे बऱ्याच राज्यांनी घेतलेल्या समान अभ्यास-निकषांनी, कथा-कादंबऱ्या हाकलल्या. आठवीत ५५ टक्के माहितीपर वाचन! पूर्ण पुस्तक वाचतंय कोण आता? उतारे वाचतात, उताऱ्यावर परिच्छेद लिहितात, पुढचा उतारा.

एडिसनकरीण

ते ५५ टक्के सगळ्या विषयांचं मिळून आहे हो. विज्ञान, इतिहासाचं वाचन त्यातच धरलंय. इंग्रजीच्या तासाचा हिशेब नाही तो.

लायब्ररीतला_उंदीर

कागदावर. अमलात आणताना बऱ्याच शाळांनी तो इंग्रजीच्याच माथी मारला. उताऱ्यांचं काय, त्यावर बोला.

एडिसनकरीण

उताऱ्यांचं मान्य. आमच्याकडे पुस्तक पूर्ण वाचून घेतलं म्हणून तर दुसऱ्या प्रकरणातली गोष्ट एकोणिसाव्याला भिडली. नुसतं एकोणिसावं दिलं असतं तर बाप निर्दोषच सुटला असता.

कोरडा_पाव

थांबा. म्हणजे तुम्हीच म्हणताय, की शाळेनं पूर्ण पुस्तक वाचून घेतलं तर चांगलं, नाहीतर नाही? माझ्या मुलाला तिन्ही गोष्टींचे उतारे आणि वर्कशीट दिल्या होत्या. नेमके मरणाचेच प्रसंग उचलून दिलेले. मग मी काय चुकीचं बोललो?

एडिसनकरीण

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतंत. तिथे तर कविता पाठ करा होतं.

कोरडा_पाव

कविता पाठ केल्यानं कुणी मेलं नाही. पण ठीक आहे, तुमच्या लेकीच्या शाळेतल्यासारख्या बाई मिळाल्या तर ‘द गिव्हर’ चालेल, ही सवलत देतो. लेखी घ्या. ‘देअर’वर माघार नाही.

नाठाळ

ऐतिहासिक क्षण. बाय द वे, जोनास शेवटी मरत नाही, पुढच्या पुस्तकांत आहे तो.

एडिसनकरीण

मूर्खा, लेकीचा पुढचा निबंध शेवटावरच आहे, तो मेला असं ठरवून बसलीय ती! आणि ती माझा हा आयडी वाचते.

डोंबिवलीचे_आजोबा

शेवट असा अधांतरी ठेवतात हे मला पसंत नाही. १९७७ ला निवडणूक झाली, निकाल लागला, विषय संपला.

वैदर्भी

प्लॅनोवाला, एक विचारायचं राहिलं. यंत्रानं कमी गुण दिले तर पालकांनी करायचं काय?

प्लॅनोवाला

पुन्हा तपासून घ्या म्हणून अर्ज. ५० डॉलर फी, गुण वाढले तर माफ.

वैदर्भी

म्हणजे आपलं पुनर्मूल्यांकनच की! उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतात का?