पोलो १.० टीएसआय मॅन्युअल: शॉर्ट शिफ्टर कोणता घालावा?

पंचगंगा_टर्बो

गाडी २०२१ ची पोलो १.० टीएसआय, ६-स्पीड मॅन्युअल, ५८,००० किमी. स्टेज १ रिमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) केलंय, बाकी सगळं कंपनीचं. रोज कोल्हापुरात, रविवारी पन्हाळा नाहीतर गगनबावडा. गिअरच्या दांड्याचा फेरा (थ्रो) लांब वाटतो, तो आखूड करणारा शॉर्ट शिफ्टर घालायचाय. शिवाय करूळ घाटात २ वरून ३ टाकताना नेमकी जागा हाताला लागत नाही. गिअर पडलेला असतानाही मूठ डावी-उजवी हलते. सकाळी थंड गाडीला दुसरा गिअर जरा अडतो.

समोर तीन वाटा आहेत. गिअरबॉक्सवरचा लिव्हर बदलायचा किट (थ्रो २५ टक्के कमी), केबिनमधली दांड्याची अख्खी असेंब्ली (४० टक्के कमी), नाहीतर उद्यमनगरात दाखवून आहे त्याच दांड्याला वेल्डिंगनं जोड मारून घेणे. काय करू?

गिअरगडी

भावा, किट राहू दे, आधी फूटपट्टी घे. गाडी बंद, न्यूट्रलपासून तिसऱ्यापर्यंत मुठीचा मध्य किती मिलिमीटर सरकतो ते माप. मग तिसऱ्यात ठेवून एका बोटानं मूठ पुढं-मागं हलवून नुसता प्ले (ढिलेपणा) किती ते माप. तू ज्याला लांब फेरा म्हणतोस त्यात बराचसा हा प्लेच असतो.

आता गणित. दांडा म्हणजे तरफ. टेकूच्या वर २०० मिमी आणि खाली ४० मिमी धरलं, तर गुणोत्तर ५. दांड्यापासून गिअरबॉक्सला जाणारी केबल १२ मिमी सरकायला मूठ ६० मिमी फिरते. थ्रो २५ टक्के कमी करायचा तर खालचा हात ४० चा ५३ मिमी करावा लागतो. मूठ मग ४५ मिमी फिरेल, पण जोर एक तृतीयांशानं जास्त लागेल. ४० टक्के कमी केलास तर जोर दोन तृतीयांशानं वाढतो. कावळा नाक्याच्या सिग्नलला रोज संध्याकाळी ते सोसणार आहे का बघ.

दोन्ही किटमध्ये खरा फरक वेगळाच आहे आणि तो कुठल्या खोक्यावर छापलेला नसतो. केबिनमधलं गुणोत्तर बदललं की केबलचा प्रवास आणि तिच्यावरचा ताण पहिल्याइतकाच राहतो, केबलमधला ढिलेपणा मात्र मुठीला कमी जाणवतो. गिअरबॉक्सवरचा लिव्हर आखूड केला, समज ६० चा ४५ मिमी, तर केबलचा प्रवास घटतो आणि ताण एक तृतीयांशानं वाढतो. ढिलेपणा मिलिमीटरमध्ये तेवढाच राहतो. १२ मिमी प्रवासात १ मिमी खपून जातो, ९ मध्ये तोच टोचतो. म्हणून हा किट बुश (केबलच्या टोकातली, पिनेवर बसणारी बाही) न बदलता घातला की दांडा आखूड होतो, पण गुळमुळीतच राहतो, आणि केबलच्या टोकाचा बुशही लवकर मरतो.

आणखी एक. गिअरबॉक्सवरच्या कंपनीच्या लिव्हरवर जो जाड लोखंडी गोळा असतो तो शोभेचा नाही. त्या वजनाच्या झोकानं गिअर खाचेत शिरतो. हलका, दिसायला देखणा सीएनसी लिव्हर घातला की गिअर टोचल्यासारखे पडायला लागतात. वजन कायम ठेवणारा किट बघ. आडव्या दिशेचा थ्रो कमी करणारा तर घेऊच नकोस. गेट (दांडा ज्या खाचांतून फिरतो त्या) जवळजवळ आले की घाईत चौथ्याच्या जागी दुसरा पडतो, इंजिन लाल रेषेच्या पार जातं आणि व्हॉल्व्हचा हिशोब होतो.

लेथवाला

जोड मारायचं डोक्यातनं काढ. दांड्याच्या खालच्या भागाला प्लॅस्टिकचं मोल्डिंग असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं ते वितळतं, सॉकेट अंडाकृती होतं आणि आधी नव्हता तो प्ले येतो. शिवाय ह्या गाडीत रिव्हर्सला दांडा खाली दाबून डावीकडं-पुढं जातो. खालचा हात लांब झाला आणि दाबायला जागा उरली नाही, तर रिव्हर्सच गेला.

बुश मात्र उद्यमनगरात झकास होतील. मटेरियल डेलरिन (कडक प्लॅस्टिक) सांग. दुकानात "सारखंच असतंय" म्हणून नायलॉन देतील, घेऊ नकोस. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. आपल्याकडचा जून ते सप्टेंबर माहीत आहे, मे महिन्यात मऊ चालणारा बुश जुलैत पिनेवर आवळून बसेल. डेलरिन जवळजवळ फुगत नाही. पिन मायक्रोमीटरनं मापून भोक ०.०५ ते ०.१ मिमी मोठं ठेवायला सांग. त्यापेक्षा घट्ट केलंस तर दांडा न्यूट्रलला स्वतःहून परत येणार नाही. गनमेटलही (एक प्रकारचं कांसं) चालतं, पण इंजिनची थरथर थेट हातात येते, आणि हे तीन सिलिंडरचं इंजिन.

पंचगंगा_टर्बो

मापलं. न्यूट्रल ते तिसरा ६५ मिमी, त्यात प्ले १४. म्हणजे आधी बुश, मान्य. पण शॉर्ट शिफ्टरनं थंड इंजिनचं अडणं जाईल ना?

क्लचप्लेट

नाही, उलट वाढेल. अडतं ते सिंक्रो रिंगपाशी. शाफ्ट आणि गिअरचा वेग जुळेपर्यंत रिंग स्लीव्हला (गिअर गुंतवणाऱ्या कड्याला) पुढं सोडत नाही, आणि थंडीत ऑइल घट्ट असल्यामुळं त्याला वेळ लागतो. दांडा आखूड केल्यानं तो वेळ कमी होत नाही. हाताला लवकर अडथळा लागतो, माणूस जोरात रेटतो आणि रिंग झिजते.

त्यासाठी गिअर ऑइल बदल. कंपनीच्या स्पेसिफिकेशनचंच घे. "जास्त भारी" म्हणून जीएल-५ दर्जाचं ऑइल ओतू नकोस. त्यातल्या गंधक-फॉस्फरसच्या ॲडिटिव्हनं सिंक्रोला लागणारं घर्षण कमी होतं, आणि काही जीएल-५ तेलं पितळेलाही खातात. ड्रेन उघडण्याआधी भरायचा प्लग सुटतोय का बघ, नाहीतर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसशील.

क्लचही तपास. आयडलला क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांब, मग रिव्हर्स टाक. कर्रर्र आलं तर क्लच नीट सुटत नाही. क्लचच्या लाइनमध्ये हवा असेल, नाहीतर फ्लुइड जुनं. दोन वर्षं झाली असतील तर डॉट ४ फ्लुइड बदलून ब्लीड कर (लाइनमधली हवा काढ).

गिअरगडी

१४ मिमी प्ले म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. बुश आणि ऑइल करून महिनाभर चालव. तरी लांब वाटलं तर केबिनच्या बाजूचाच घे, २०-२५ टक्क्यांचा. ४० वाला नको.

कशालाही हात लावला तरी केबल ॲडजस्टमेंट करावीच लागते. एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरी काढ. दांडा न्यूट्रलला. दोन्ही केबलच्या टोकाची कॉलर स्प्रिंगविरुद्ध ओढून फिरवली की लॉक होते, केबल मोकळी. सिलेक्टर शाफ्ट खाली दाबून शेजारची वाकडी लॉकिंग खिट्टी आत फिरव, शाफ्ट जागेवर थांबेल. आत केबिनमध्ये गेटर (दांड्याभोवतीचं आवरण) काढून दांडा पहिल्या-दुसऱ्याच्या गेटला लाव आणि ४.५ मिमीचा ड्रिल बिट दोन्ही भोकांतून घाल. मग कॉलर सोड, खिट्टी परत फिरव, ड्रिल बिट काढ. तो आत विसरून "गिअरच पडत नाही" म्हणणारे कमी नाहीत.

कन्सोल लगेच बसवू नकोस. इंजिन बंद ठेवून सहाही गिअर दोन-तीनदा टाक, मग चालू करून, क्लच दाबून परत. रिव्हर्स दाबताना दांडा कुठं घासतोय का ते त्याच वेळी दिसतं.

लेथवाला

केबलच्या टोकांच्या रबरी बुटात सिलिकॉन ग्रीस भर, साधं चेसिस ग्रीस रबर फुगवतं. आणि स्टीलची जड मूठ घ्यायचा विचार असेल तर ह्या दांड्याला आटे नाहीत, क्लिपची मूठ आहे. ॲडॅप्टर लागेल. एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीत रुमालही लागेल.