होडीवर होकायंत्र जुळवण्याबाबत
प्रत्येक उड्डाणापूर्वी होडीच्या फळीवरच ड्रोनच्या होकायंत्राचे कॅलिब्रेशन (जुळवणी) करावे, ही सूचना मला धोक्याची वाटते. इंजिन, नांगराची साखळी आणि लोखंडी खिळेपट्ट्या यांनी विकृत झालेले चुंबकीय क्षेत्रच आपण त्या वेळी योग्य मानून साठवतो, आणि ड्रोन वर जाताच ती दुरुस्ती चूक ठरते. कॅलिब्रेशन मोकळ्या पुळणीवर करावे. बेसॉल्टच्या कातळावर मात्र नको, कारण त्यातील मॅग्नेटाइटमुळे सुई जागोजागी बहकू शकते. मालवणला मी हे कातळावर करून बसलो होतो, आणि परतीच्या वाटेवर ड्रोन सरळ न येता वर्तुळाकार फिरत आला.

चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतील फरक आपल्या किनाऱ्यावर एक-दीड अंशापलीकडे जात नाही, त्यामुळे त्याची फारशी चिंता नको. तथापि दिशेत 2 अंशांची चूक राहिली, तर ड्रोनवरून टिपलेल्या 500 मीटरवरील बोयाचे (पाण्यावरील तरंगत्या खुणेचे) स्थान सुमारे 17 मीटरने सरकते.

अधिक अचूकता हवी असल्यास ड्रोनवर उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या दोन अँटेना बसवाव्यात; त्यांच्या सापेक्ष स्थितीवरून दिशा कळते. त्यांच्यात 1 मीटर अंतर असेल आणि सापेक्ष स्थितीत 1 सेंटिमीटरची चूक असेल, तर दिशेतील चूक साधारण 0.6 अंश येते, आणि लोखंडाचा तिच्यावर परिणाम होत नाही. लहान ड्रोनवर एवढे अंतर मिळत नाही, ही अडचण खरी. ड्रोनची हालचाल ओळखण्यासाठी खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यावर मात्र तो पाण्यावरून उडत असताना विसंबू नये, कारण लाटा स्वतःच सरकत असतात.